फटफटीची नाडीपरीक्षा

मोटारसायकल या वाहनाला मराठी माणसाने आपले नाव दिले ते तिच्या आवाजावरून. फटफटी. सुरतेतील आमचे गुजराती शेजारीही तिला फटफटियुं म्हणत, तेव्हा या बाबतीत दोन्ही भाषांचा कान सारखाच तयार होता असे म्हणावयास हरकत नाही. मराठीत ध्वनीचे अनुकरण करणाऱ्या शब्दांची जी श्रीमंती आहे ती वर्गात शिकविताना मला नेहमीच कौतुकाची वाटत आली. खडखड निराळी, खुळखुळ निराळी, घरघर निराळी आणि किणकिण तर अगदीच निराळी. तथापि या शब्दांमधील भेद केवळ कवितेच्या कामाचा नसून लोखंडाच्या कामाचाही आहे, हे मला व्याकरणाच्या पुस्तकाने शिकविले नाही. ते शिकविले माझ्या वडिलांच्या राजदूत मोटारसायकलीने. ज्यांच्या अंगणात अशी एखादी जुनी गाडी अजून उभी आहे, आणि आपल्या सुरत-बडोद्याकडील मराठी घरांत ती पुष्कळ ठिकाणी आहे, त्यांना पुढील हकिकत उपयोगी पडेल अशा समजुतीने ती लिहीत आहे.

आमचे अण्णा साक्री तालुक्यातून सुरतेस आले ते मागावर काम करण्यासाठी. तीस वर्षे त्यांनी मागाच्या खात्यात काढली. सन १९८२ मध्ये त्यांनी एक वापरलेली राजदूत १७५ घेतली. ही गाडी फरिदाबादच्या एस्कॉर्ट्‌स कंपनीची. तिचा मूळ आराखडा पोलंडातील एस.एच.एल. एम ११ या गाडीचा. नाव १७५ असले तरी इंजिन १७३ सी.सी.चे, सिलिंडरचा व्यास ६१ मिलिमीटर. याच कारखान्याची धाकटी राजदूत १९७३ च्या ‘बॉबी’ चित्रपटामुळे तरुणांच्या गळ्यातील ताईत झाली. आमची थोरली मात्र दूधवाल्यांची, तलाठ्यांची आणि संसारी माणसांची गाडी होती. तिला ऐट नव्हती, पण पाठीवर बायको, पुढे टाकीवर मुलगा आणि बाजूला धान्याची गोणी घेऊन ती व्यारा, सोनगढ, नवापूर करीत कोंडाईबारीचा घाट चढून गावी जाई.

तो टाकीवर बसणारा मुलगा म्हणजे मी. आणि माझ्याकडे एक काम होते. मागाच्या खात्यात दिवसाचे बारा तास काढणाऱ्या माणसाचे कान कसे होतात हे सुरतेत निराळे सांगावयास नको. कारखान्यांसाठी आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबल ही मर्यादा नियमांत धरलेली आहे. माग चालू असलेल्या खोलीत शेजारच्या माणसाशी कानाजवळ तोंड नेऊन ओरडावे लागते. अशा गोंगाटाने कान जातात ते एका विशिष्ट क्रमाने. प्रथम वरच्या पट्टीतील, म्हणजे चार हजार कंपनांच्या आसपासचे, ध्वनी नाहीसे होतात आणि खालच्या पट्टीतील पुष्कळ काळ शाबूत राहतात. अण्णांना ढोल ऐकू येई, पण पैंजण नाही. ट्रकची घरघर ऐकू येई, पण दाराची कडी वाजलेली नाही. ही वाटणी त्यांनी स्वतःच ओळखली होती. गाडी चालू करून ते लांब दांड्याचे डिसमिस घेत, त्याचे टोक इंजिनावर ठेवीत, मूठ कानामागच्या हाडाला लावीत आणि मला म्हणत, ‘‘खालचा आवाज मी ऐकतो. वरचा तू ऐक.’’ मग थोड्या वेळाने अहिराणीत विचारीत, ‘‘काय म्हनी ऱ्हायनी रे ती?’’

पॅरिसच्या लायनेक या वैद्याने १८१६ साली कागदाची सुरळी करून रोग्याची छाती ऐकली आणि त्यातून पुढे वैद्यांची श्रवणनळी झाली, हे मी पुढे वाचले. अण्णांचे डिसमिस त्याच कुळातले.

येथे दोन-स्ट्रोक इंजिनाची रचना थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्यावाचून आवाजांचा अर्थ लागत नाही. चार-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह असतात, त्यांना उघडमिट करणारे टॅपेट असतात, त्या सर्वांना फिरविणारी साखळी असते. तेव्हा अशा इंजिनात थोडीफार टिकटिक ही प्रकृतीच समजतात. इंग्लंडातील बाथ येथील जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास जी साधी दोन-स्ट्रोक रचना सिद्ध केली तिच्यात यांपैकी काहीच नाही. सिलिंडरच्या भिंतीला भोके, आणि पिस्टन खालीवर होताना स्वतःच ती झाकतो व उघडतो. हलणारे मुख्य भाग तीनच: पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँक. पेट्रोल-हवेचे मिश्रण प्रथम पिस्टनखालच्या चेंबरमध्ये येते आणि तेथून दाबाने वर जाते. म्हणून चेंबर हवाबंद असावे लागते, क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी ऑइल सील असावी लागतात, आणि आतल्या बेरिंगांना जे काही तेल मिळावयाचे ते पेट्रोलमध्ये मिसळलेलेच. निराळी तेलाची टाकी नाही. यावरून दोन गोष्टी निघतात. एक, अशा इंजिनात बोलणारे भाग थोडे असल्यामुळे जो बोलतो तो ओळखता येतो. दुसरी, हवा जेथून येऊ नये तेथून आली की मिश्रण पातळ होते. पातळ मिश्रण तापते. आणि त्याची ओरड प्रथम वरच्या पट्टीत ऐकू येते.

ही वरच्या पट्टीतली ओरड मी पहिल्यांदा ओळखली ती कोंडाईबारीच्या चढणीवर. मी बारा-तेरा वर्षांचा असेन. दुसऱ्या गिअरमध्ये चढताना इंजिनातून बारीक किणकिण येऊ लागली, जणू कोणी पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवीत आहे. अण्णांना काहीच ऐकू येत नव्हते. ते आपले मुठीला पीळ देतच होते. मी त्यांचा हात ओढला. त्यांनी लगेच गाडी थांबविली, पळसाच्या सावलीत अर्धा तास थंड होऊ दिली, आणि मॅग्नेटचे झाकण काढले. पॉइंटमधील फट हवी त्यापेक्षा जास्त झाली होती. ही फट सुमारे ०.४ मिलिमीटर असावी. ती वाढली की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी लवकर पडते, आणि पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर स्फोटाचा घाव बसतो. अण्णांनी थैलीतील एका लग्नपत्रिकेचा जाड कोपरा फाडून तेवढी फट राखली आणि आम्ही घाट चढलो. ज्यांची ती पत्रिका होती त्यांच्याकडेच आम्ही निघालो होतो.

छोट्या इंजिनाची ही किणकिण इतकी बारीक का, याचे उत्तरही मजेचे आहे. सिलिंडरच्या आत तापलेल्या वायूंमध्ये लाटा या भिंतीवरून त्या भिंतीवर आदळतात आणि तो नाद बाहेर येतो. सिलिंडर जेवढा अरुंद, तेवढी पट्टी वरची. डफापेक्षा डमरू तीव्र वाजतो तसेच. ६१ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात ही पट्टी सेकंदाला आठ-नऊ हजार कंपनांच्या घरात जाते. म्हणजे अण्णांच्या कानांच्या कितीतरी वर. ही संख्या ध्यानात ठेवावी. तिचे काम पुढे आहे.

सन १९८५ मध्ये हिरो होंडाची सी.डी. १०० ही चार-स्ट्रोक गाडी आली, त्याच वर्षी यामाहाची चपळ आर.एक्स. १०० आली, पुढे सन २००० च्या प्रदूषणविषयक नियमांनंतर दोन-स्ट्रोक गाड्यांचे दिवस भरत आले. आमची राजदूत दारात राहिली. मग ७ ऑगस्ट २००६ ची तारीख आली. उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी तापीत सुटले आणि सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. कतारगामच्या बाजूस आमचे तळमजल्याचे घर होते. राजदूत दोन दिवस पाण्याखाली होती. पाणी ओसरल्यावर लोक आधी गाद्या आणि धान्य बाहेर काढीत होते; अण्णांनी तेही केले, पण तिसऱ्या दिवशी हेड उतरविले, चेंबरमधील गाळपाणी काढले, तेल ओतले आणि पुनःपुन्हा किक मारून ते सर्वत्र फिरविले. गाडी चालू झाली. गल्लीतील बुडालेल्या स्कूटरांपैकी दोन-तीनच चालू झाल्या होत्या.

अण्णा सहा वर्षांपूर्वी गेले. शेवटची वर्षे गाडी आठवड्यातून एकदा चालू करण्यापुरतीच होती. तेव्हा त्यांना खालचा आवाजही ऐकू येईनासा झाला होता. ते टाकीवर पालथा तळहात ठेवून किंचित थांबत आणि काही न बोलता गाडी बंद करीत. मी तेथेच उभा असे. मलाही एक घरघर जाणवे. मी ती वयाच्या खाती टाकली होती, गाडीच्या की माझ्या हे मात्र ठरविले नव्हते.

गेल्या वर्षी गाडी पुन्हा वापरात आणावयाचे ठरवून ती एका गॅरेजात नेली. तेथील तरुणाने दोनदा मूठ पिळली, आणि ‘‘क्रँक गेली, सगळे इंजिन काढावे लागेल’’ असा निकाल देऊन जो आकडा सांगितला त्यात एक बरीशी वापरलेली मोपेड आली असती. ब्लॉकही न उतरविता क्रँक गेली हे त्याला कसे कळले, असे मी विचारले. त्याला शंभर गाड्या ऐकण्याचा सराव असेल. परंतु शंभर निबंध तपासणाऱ्या मास्तरालाही निबंध वाचावाच लागतो. घरी मंडळींचे मत पडले की भंगारात द्यावी. मी एक महिना मागून घेतला.

पहिले काही दिवस मी केवळ पत्रा तपासण्यात घालविले, आणि हे काम कोणीही हलके समजू नये. मडगार्डचे पाय, सायलेन्सरमधील सैल झालेली जाळी, साखळीचे झाकण, इंजिनाला चौकटीशी जखडणारे बोल्ट, एवढेच नव्हे तर सिलिंडरच्या पंखांची किणकिणसुद्धा मोठ्या बिघाडाचे सोंग घेते. हाताने एकेक भाग दाबावा. आवाज थांबला तर चोर सापडला. सायलेन्सरची नळी हेडपाशी जेथे बसते तेथील नट ढिला असेल तर धुराची फुसफुस इतकी ठोक्यासारखी वाजते की जाणताही फसावा. माझ्या गाडीत तोही नट ढिला होता. तो आवळला, एक आवाज गेला, घरघर राहिली.

नंतर क्लच. गाडी न्यूट्रलमध्ये चालू ठेवून क्लच दाबावा. आवाज थांबला, तर दोष गिअरपेटीच्या बाजूस, कारण क्लच दाबल्याने ती थांबते. आवाजाचा सूर बदलला, तर क्लचच्या डब्याकडे पाहावे. काहीच फरक पडला नाही, तर दोष इंजिनात अथवा इंजिनातून क्लचकडे जाणाऱ्या आतल्या साखळीत. साखळी सैल असेल तर मंद गतीला ती पेटीवर आपटून खळखळते आणि ओढ बसताच ताणली जाऊन गप्प होते. माझी घरघर क्लच दाबल्याने बदलली नाही आणि ओढीनेही गप्प झाली नाही.

थंड इंजिनात ‘टप टप’ असा भरीव आवाज येतो आणि दहा मिनिटांत नाहीसा होतो, तो पिस्टनचा. पिस्टन ॲल्युमिनियमचा, तापल्यावर तो लोखंडी सिलिंडरापेक्षा अधिक फुगतो आणि फट भरून निघते. हा आवाज म्हातारपणीच्या खोकल्यासारखा. असला तरी चालते, गरम झाल्यावरही राहिला तर बोअर करून घ्यावा. पिस्टनच्या पिनेचा आवाज याहून हलका आणि कोरडा, टिक टिक असा, मुठीच्या अर्ध्या-पाव ओढीत स्पष्ट. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा, ज्याला मिस्त्री लोक बिग एंड म्हणतात, त्याचा आवाज ठक ठक असा खोल, आणि तो ओढीबरोबर वाढतो. चढणीवर आणि मूठ एकदम सोडताना तो लपत नाही. क्रँक गेली असे म्हणावयाचे तर हा आवाज हवा. माझ्या गाडीत ठोका नव्हता. केवळ घरघर होती, ओझ्याशी तिचे देणेघेणे नव्हते. इंजिनाच्या फेऱ्या वाढल्या की ती वाढे आणि पायाच्या दांड्यांतून पोटऱ्यांत उतरे. जात्याच्या पाळूखाली खडा आला म्हणजे जसे होते तसे.

येथपर्यंत मी एकट्याने आलो. एका रविवारी धाकटीला मागे बसवून तापीवरील एका पुलाच्या चढावर गाडी घेतली. पुलाच्या मध्यावर ती म्हणाली, ‘‘अप्पा, ही खिडकीच्या काचेसारखी काय वाजते आहे?’’ मला काहीच ऐकू येत नव्हते. मी मूठ सोडली. ‘‘आता थांबली.’’ मी मूठ ओढली. ‘‘आता आली.’’ मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केले. आठ-नऊ हजार कंपने! वाढत्या वयाबरोबर कान प्रथम वरचेच सूर सोडतात. त्यासाठी मागाच्या खात्यात जावे लागत नाही. माझ्या लक्षात न येता मी अण्णांच्या जागी येऊन बसलो होतो, आणि माझी जागा रिकामी नव्हती एवढे नशीब.

प्लग काढून पाहिला. निरोगी गाडीत तो भाजलेल्या वीटेच्या तपकिरी रंगाचा असावा. माझा चुन्यासारखा पांढरा होता. मूठ सोडली तरी इंजिनाच्या फेऱ्या पटकन उतरत नव्हत्या. ही दोन्ही लक्षणे मिश्रण पातळ झाल्याची. मी प्रथम पेट्रोलला दोष दिला, कारण हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि त्याने जुन्या कार्बोरेटरचे मिश्रण थोडे पातळ होतेच. जेट एक घर मोठा घातला. किणकिण कमी झाली, गेली नाही.

मग उधन्याच्या एका वयोवृद्ध मिस्त्रींकडे गेलो. अण्णांच्या ओळखीचे. त्यांनी गाडी चालूच केली नाही. मॅग्नेटचे झाकण काढले, चाक दोन्ही हातांनी धरून वर-खाली दाबले आणि मला पॉइंटकडे पाहावयास सांगितले. चाक वर उचलले की पॉइंटची फट वाढे, खाली दाबले की मिटे. फिरविलेले नव्हते, नुसते दाबले होते. म्हणजे दांडा ज्या बेरिंगात फिरतो ते सैल झाले होते. ब्लॉक उतरवून त्यांनी कनेक्टिंग रॉड वर ओढला, खाली दाबला. बाजूला तो किंचित हलतो, हलावाच लागतो. वर-खाली केसभरही हलला नाही. ‘‘साहेब, क्रँक सारो छे. बेरिंग ज गयां छे.’’

चेंबर उघडून बेरिंग काढले, रॉकेलमध्ये धुतले आणि भिंगाखाली धरले. मॅग्नेटच्या बाजूच्या बेरिंगातील कड्याच्या खालच्या अंगाला गंजाचे खड्डे होते, देवीच्या व्रणांसारखे, एका रांगेत. गाडी उभी असताना पाणी जेथे साचून राहते नेमके तेथेच. अण्णांनी ओतलेले तेल तेथे पोहोचण्याआधी दोन दिवस पाणी पोहोचले होते. खड्ड्यांवरून गोळ्या धावत, त्यांची घरघर. बेरिंग झिजून दांडा डगमगू लागला, त्याने रबरी सीलची कड खाल्ली. सीलमधून हवा आत आली, मिश्रण पातळ झाले, त्याची किणकिण. खालचा आवाज आणि वरचा आवाज असे दोन रोग नव्हतेच, एकाच रोगाची ती दोन टोके होती. किणकिण तशीच चालू ठेवली असती तर एखाद्या चढावर पिस्टनच्या माथ्याला भोक पडते, अथवा तो सिलिंडरात चिकटून मागचे चाक जागच्या जागी जाम होते. मागे मुलगी बसलेली असताना.

दोन बेरिंगे आणि दोन सील. चेंबरचा ॲल्युमिनियमचा भाग मिस्त्रींनी शेगडीवर गरम केला, नवी बेरिंगे त्यांच्या सुनेने बर्फाच्या कप्प्यातून आणून दिली आणि ती हातोडी न लावता आपल्या वजनाने जागी बसली. गॅरेजने सांगितलेल्या आकड्याच्या अष्टमांशात काम झाले.

अण्णांच्या तळहाताला ही घरघर कळली नसेल असे मला वाटत नाही. त्या सुमारास थोरलीचे कॉलेज चालू होते आणि घराचे हप्ते चालू होते. गाडीवर खर्च करू असे त्यांनी एकदाही म्हटले नाही.

दिवाळीच्या सुट्टीत कोंडाईबारी चढलो. पळसाचे ते झाड आता नाही, रस्ता रुंद झाला आहे. वर पोहोचल्यावर मी इंजिन चालूच ठेवले आणि धाकटीला विचारले, काय ऐकू येते. तिने बराच वेळ मान वाकडी करून ऐकले.

‘‘नंबरप्लेट वाजते आहे,’’ ती म्हणाली. ‘‘डाव्या बाजूचा स्क्रू.’’